बिनमिनाराच्या मशिदी

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कौलाचा एक तुकडा ठेवलेला असतो. तळहातापेक्षा थोडा मोठा, एका कडेला काजळी, दुसऱ्या कडेला वाळून काळं पडलेलं शेवाळ. पाठीवर रोमन अक्षरांचा ठसा आहे, पण तोही अर्धाच. 'बाझल मि' एवढंच वाचता येतं. पुढचं 'शन' निसर्ग वादळाने नेलं.

३ जून २०२० ला ते वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांची छपरं पत्त्यांसारखी उडाली. टाळेबंदी जरा सैल झाल्यावर मी तिकडे गेलो. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खेड्यात मशिदीच्या आवारात फुटक्या कौलांचा कमरेएवढा ढीग होता. हाकेच्या अंतरावर देवळाच्या आवारात दुसरा, तेवढाच. दोन्हीकडे मंगलोरी कौलं आणि काहींवर ठसाही तोच. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे त्या धर्तीची कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे चढली. ख्रिस्ती धर्म पसरवायला निघालेल्या संस्थेच्या कौलाखाली आरती झाली आणि बांगही झाली. मला हा योग फार आवडतो. तुकडा मी मागून घेतला. "न्या की," मशिदीचा कारभार पाहणारे म्हातारे मुतवल्ली म्हणाले, "नाहीतरी आता स्लॅबच टाकायचाय."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईल.

१९९१ साली बँकेच्या नोकरीत माझी अलिबागला बदली झाली आणि रविवारी स्कूटर काढून भटकायची सवय लागली. आधी किल्ले झाले, मग बेने इस्रायलांची सिनेगॉग झाली, आणि कधीतरी मशिदींचा नाद लागला तो सुटलाच नाही. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोकणातल्या मशिदींकडे मात्र नमाजाला जाणारे आणि तक्रार करणारे यांच्याखेरीज कुणी बघत नाही. बायको म्हणते, "माणसं निवृत्त झाली की काशीला जातात, आमचे हे मशिदीच्या हौदात वाकून बघतात." तिचं खरं आहे. पण हौद हा विषयच तसा आहे.

कोकणातली जुनी मशीद ओळखायची तर मिनार शोधू नका. घुमटही शोधू नका. चिऱ्याचं जोतं, त्यावर चिऱ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, पडवीला सागाचे किंवा फणसाचे खांब. लांबून बघितलं तर एखाद्या खोताचा वाडा वाटावा, नाहीतर शाळा. कित्येकदा मी चुकून शाळेपुढे स्कूटर लावली आहे. दाभोळची विजापुरी थाटाची घुमट-मिनारवाली मशीद आहे, नाही असं नाही, पण ती सुलतानी वैभवाची. गावकऱ्यांनी आपल्या हिमतीवर बांधलेली मशीद म्हणजे पावसाशी तडजोड केलेलं घर. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे घुमटाचे लाड परवडत नाहीत. केरळातही हीच तऱ्हा. कोझिकोडची मिश्काल मशीद पाहा. पोर्तुगिजांनी १५१० साली जाळली ती. आजही तिला मिनार नाही, एकावर एक चढलेली कौलारू छपरं आहेत. आणि मदिनेत पैगंबरांच्या हयातीतल्या मशिदीला तरी मिनार कुठे होता? बिलाल छपरावर चढून बांग देत.

आत गेलात की पश्चिमेच्या भिंतीत मिहराब असतो, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. रायगडच्या किनाऱ्यावरून मक्का जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणजे नमाजाला उभा राहिलेला माणूस समुद्राकडे तोंड करून उभा असतो. पावसाळी वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे मिहराबाची भिंत सगळ्यांत जाड, तिला खिडकी बहुधा नसतेच, आणि बाहेरून तिच्यावर श्रावणापर्यंत हिरवं मखमली शेवाळ चढलेलं असतं. एकदा ऑगस्टमध्ये मुरुडच्या बाजूला मी अशा भिंतीला हात लावून उभा होतो. आत दुपारची नमाज चाललेली, बाहेर उधाण. भिंत एखाद्या जनावराच्या पाठीसारखी गार आणि ओली लागत होती.

आता हौद. नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, कोपरापर्यंत बाहू, पाय धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हौदाचं माप त्यावर ठरतं. हनफी मताने हौद दहा हात लांब आणि दहा हात रुंद लागतो. शाफई मताने दोन मोठ्या रांजणांइतकं पाणी साचलेलं असलं तरी चालतं. म्हणून कोकणातल्या लहान मशिदींचे हौद लहानखुरे, बसक्या काठाचे असू शकतात. काही हौदांत डासांच्या अळ्या खायला मासे सोडलेले असतात. एका ठिकाणी मी वाकून बघत होतो तर मागून आवाज आला, "मोजून घ्या काका, सात आहेत. आठवा मांजराने नेला."

शाफई असण्याचा अर्थ आणखी मोठा आहे. हा पंथ इथे खुष्कीच्या मार्गाने दिल्लीहून आलेला नाही, गलबतात बसून आलेला आहे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूर्व आफ्रिकेत, मलबारात, जावा-सुमात्रात शाफईच. मोसमी वारा जिथे जिथे घेऊन गेला तिथे तिथे हा पंथ आहे. आणखी एक बारकावा सांगतो. शाफई मताप्रमाणे शुक्रवारच्या जुम्म्याच्या नमाजाला गावात राहणारे चाळीस पुरुष हवेत. चाळीस भरले तर जुम्मा. हा चाळीसचा आकडा पुढे पुन्हा लागेल.

या भागात मशीद पहिल्यांदा कधी बांधली गेली याचा शोध घ्यायला लागलं की चौलपाशी येऊन थांबावं लागतं. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल मसूदी सैमूरला आला. तेव्हा उत्तर कोकणात राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेले त्यांचे वंशजही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. त्या हुद्द्याला हुनरमन म्हणत आणि त्यावर मसूदीच्या वेळी अबू सईद मारूफ हा माणूस होता. त्याच शतकातला इस्तखरी सांगतो की बल्हाराच्या, म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराजाच्या मुलखातल्या सैमूरसारख्या शहरांत जामा मशिदी आहेत. अबू दुलफ नावाच्या प्रवाशाने तर सैमूरमध्ये मशिदींबरोबर चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी यांचीही नोंद केली.

हा झंझ राजा कोण? शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याची ख्याती वेगळीच आहे. त्याने स्वतःच्या नावाने शंकराची बारा देवळं बांधली. पक्का शैव. बारा शिवालयं बांधणाऱ्या राजाच्या बंदरात जामा मशीद होती आणि त्याला त्यात अडचण वाटल्याचं कुठे दिसत नाही. फार उदात्त विचार होता असं मी म्हणणार नाही. घोडे, खजूर, मोती आणि जकात हवी असेल तर व्यापाऱ्याला राहायला जागा द्यावी लागते, आणि राहायला जागा म्हणजे देवाला जागा. बंदराचा हिशेब होता तो. पण मला हा हिशेब पुष्कळ उदात्त घोषणांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

उलट बाजूनेही हिशेब होत होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा ताम्रपट सापडला. राष्ट्रकूट इंद्रराजाने संजाणचा कारभार ज्याच्याकडे दिला होता तो 'ताजिक' होता, म्हणजे अरब. संस्कृतात त्याचं नाव मधुमति. मोहम्मदचं झालेलं हे मधुमति मला मराठीतल्या कुठल्याही पाळण्यातल्या नावापेक्षा गोड वाटतं. या मधुमतीने अन्नछत्र घातलं, नदीवर फुकट तर चालवली आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन दिली. आणि गोव्याच्या कदंबांचा १०५९ सालचा ताम्रपट! जयकेशी पहिला याच्या पदरी छडम नावाचा ताजिक अधिकारी होता. त्याने मशीद बांधली आणि बंदरात येणाऱ्या गलबतांवरच्या पट्टीतून तिचा खर्च चालावा अशी राजाने सोय करून दिली. मशिदीला त्या संस्कृत लेखात शब्द आहे 'मिजिगिति'. वेरावळच्या १२६४ सालच्या लेखातही हाच शब्द येतो. तिथे होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखव्याने सोमनाथ पाटणात मशीद बांधली, आणि लेखावर चार-चार कालगणना आहेत. ज्या भाषेत शब्द तयार झाला त्या भाषेत ती वस्तू उपरी राहिलेली नसते, असं माझं मत आहे. अलिबागजवळच्या नागावचा मराठी शिलालेख बघा. आरंभीच हिजरी ७६९ आणि शके १२८९ शेजारी शेजारी कोरले आहेत. दस्त करणाऱ्याला दोन्ही सनं लागत होती, इतकंच.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो सगळ्यांना शाळेत झालेला असतो. बहामनी आले, निजामशाही आली, १५०८ साली चौलच्या समुद्रात आरमारी लढाई झाली, पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधला, जंजिऱ्यावर सिद्दी बसले ते १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत बसले, शिवाजी महाराजांनी किनारा घेतला, कुलाब्याला आंग्रे आले, मग इंग्रज. शिवाजी महाराजांनी मशिदीला आणि कुराणाला हात न लावण्याचा नियम केला होता हे त्यांचा द्वेष करणाऱ्या खाफीखानालाही लिहावं लागलं, आणि केळशीच्या याकूत बाबांना त्यांनी इनाम दिलं. प्रार्थनास्थळं पाडली जात नव्हती असा याचा अर्थ नव्हे. १५६७ च्या गोव्याच्या धर्मसभेने पोर्तुगीज अमलात देवळं आणि मशिदी दोन्हींवर गदा आणली. १७२७ साली जंजिऱ्याच्या पदरच्या सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं, आणि एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी त्याला मारलं. देऊळ पाडल्याचा हिशेब नऊ वर्षांनी चुकता झाला.

पण एका माणसाजवळ थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एक स्मारक आहे, अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं. त्वेरहून निघालेला हा गृहस्थ १४७० च्या आसपास चौलला उतरला. बरोबर एक घोडा आणला होता, विकायला. जुन्नरला असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर दोन्ही गेलं. मुदत दिली. खुरासानचा एक ख्वाजा मोहम्मद ऐनवेळी तिथे आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि निकितिनचा घोडाही वाचला, धर्मही. जबरदस्ती करणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. धर्मस्वातंत्र्यावरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली, पण या घोड्याइतकं स्पष्ट काही ऐकलं नाही. गंमत म्हणजे इतक्या ओढाताणीनंतरही निकितिनच्या वहीच्या शेवटी जी प्रार्थना आहे ती अरबी-तुर्कीच्या मिश्रणात आहे.

रेवदंड्याहून चौल मैला-दोन मैलांवर. एकेकाळी ही दोन शहरं होती. खालच्या चौलमध्ये, म्हणजे रेवदंड्यात, पोर्तुगिजांची चर्चं. वरच्या चौलमध्ये निजामशाहीच्या मशिदी आणि हमामखाना. १५७०-७१ च्या वेढ्यात निजामशहाने रेवदंड्यावर तोफा डागल्या. आज दोन्हीकडे नारळी-पोफळीत पडक्या भिंती आहेत. चर्चची कमान आणि मशिदीची कमान सारख्याच वडाच्या मुळ्यांनी धरून ठेवली आहे. चौलच्या एका काझीचं, अलाउद्दीनचं नाव नागोठण्याच्या पुलाशी जोडलेलं आहे. १५८० च्या सुमारास अंबा नदीवर त्याने तो बांधवला. मुंबई-गोवा रस्त्याच्या कामाला शिव्या देत आपण नागोठण्याहून जातो तेव्हा काझीसाहेबांची आठवण ठेवावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या मातीत मुसलमान परका नाही याचा एक दाखला मी नेहमी देतो आणि ऐकणारा नेहमी चकित होतो. कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून १९८१ साली रायगड झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, गाव आंबेत. महाराजांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला मिळालं ते एका कोकणी मुसलमानाच्या कारकिर्दीत.

मग गल्फ आला. १९७० नंतर किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांतली तरणी पोरं दुबई, कुवेत, कतार, सौदीला गेली. तिथले मिनार, तिथला संगमरवर, तिथलं हिरवं निऑन बघून आली. गावाकडे पैसे पाठवताना त्यांना वाटलं, आपल्या गावची मशीद पण तशी व्हावी. कौलं उतरली, स्लॅब पडला. सागाचे खांब विकले गेले. हौदाच्या जागी नळांची रांग आली. घुमट आला आणि शेवटी मिनार आला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि ते मी मोहल्ल्यात बोलूनही दाखवतो. ते हसतात. एकाने मला सुनावलं, "काका, तुमच्या आळीत चिऱ्याचं देऊळ पाडून ग्रॅनाइटचं बांधलं तेव्हा तुम्ही वर्गणी दिलीत ना?" दिली होती. पाचशे एक रुपये. पावती असेल अजून कुठेतरी.

पण खरी मेख इथे आहे. शेकडो वर्षं गावाच्या मधोमध असलेली मशीद कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती, कारण ती शेजारच्या घरासारखीच दिसत होती. मिनार आला आणि ती दिसायला लागली. त्याच सुमारास गावातली दुसरी पोरं मुंबईला गेली आणि तिकडून निराळे विचार घेऊन आली. मिनार आणि आक्षेप जवळजवळ एकाच गाडीने आले.

तो स्विस कौलाचा तुकडा मला म्हणूनच अस्वस्थ करतो. २९ नोव्हेंबर २००९ ला स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालं आणि नव्या मिनारांवर राज्यघटनेनेच बंदी आली. साडेसत्तावन्न टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा देशभरात मिनार होते किती? चार. ज्या मिनारावरून मोठं रण माजलं तो ओल्टनजवळच्या वांगेनचा मिनार सहा मीटर उंचीचा, म्हणजे आपल्याकडच्या माडाच्या निम्म्यानेही नाही. आणि बंदी नाकारणाऱ्या मोजक्या भागांत एक होतं बाझल शहर.

आपल्याकडे घटनेचं पंचविसावं आणि सव्विसावं कलम आहे. धर्म पाळायचा, त्याचा प्रसार करायचा, संस्था चालवायचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९९१ च्या कायद्याने अयोध्या वगळता प्रार्थनास्थळांचं १५ ऑगस्ट १९४७ चं स्वरूप कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला सांगितलं की रस्त्यांवर, बागांमध्ये, सार्वजनिक जागांवर देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांचं नवं बेकायदा बांधकाम होऊ देऊ नका. राज्य सरकारने ५ मे २०११ च्या निर्णयाने जुन्यांची वर्गवारी करायला लावली: नियमित करायची, हलवायची, पाडायची. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. हे सगळं योग्यच आहे, आणि सरकारी जागेत दगड रंगवून देव बसवणाऱ्यांना किंवा चादर घालून पीर उभा करणाऱ्यांना मी एकाच मापाने मोजतो. माझी तक्रार वेगळी आहे. नियम सगळ्यांना असतो आणि अर्ज एकाच्याच विरोधात पडतो.

शहरात हा तंटा निराळा असतो. खाडीपलीकडे सानपाड्यात तर सिडकोनेच मशिदीसाठी दिलेल्या भूखंडावरून रहिवाशांची आंदोलनं झाली. इकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये पनवेल तालुक्यातल्या पारगावच्या टेकडीवरचा दर्गा सिडकोने पाडला. विमानतळ जवळ, बांधकाम बेकायदा, असं सिडकोचं म्हणणं. दर्ग्याकडचे लोक जुनेपणाची साक्ष काढत होते. जुलै २०२४ मध्ये विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध निघालेल्या जमावाने वाटेवरच्या गजापूरची मशीद फोडली. तिचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध काय, हे कुणी सांगितलं नाही. आणि मार्च २०२५ मध्ये राजापूरला शिमग्याचा माड मशिदीच्या दाराशी नेल्याची चित्रफीत देशभर फिरली. हल्ला, हल्ला म्हणून ओरड झाली. माड मशिदीच्या पायरीला टेकवायची तिथली जुनी रीत आहे. ज्यांना रीत ठाऊक नाही त्यांना हल्ला दिसला, आणि रीत ठाऊक असलेल्यांतही त्या दिवशी काही जणांनी अतिरेक केला, गुन्हे दाखल झाले. मला भीती दंग्याची कमी वाटते. पुढच्या वर्षी माड टेकवताना दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे हात कचरतील, याची जास्त वाटते.

आता गावाचं नाव न लिहिण्याचं कारण. मी मशिदीचं मोजमाप घेतो, पन्नास फुटी टेप असतो बरोबर. २०२३ च्या डिसेंबरात मी एका पडवीचे खांब मोजत होतो. दोन तरुण आले. "कुठल्या चॅनेलचे?" मी सांगितलं, कुठल्याच नाही, हौस आहे. "मग टेप कशाला? तक्रार टाकायचीय?" फोन लागले, पाच-सहा जण जमले. शेवटी एका वृद्ध चाचांनी मला ओळखलं. बँकेत त्यांनी कधीकाळी होडीसाठी कर्ज घेतलं होतं. चहा झाला, सांदण खाल्लं, प्रकरण मिटलं. दुपारी दोन किलोमीटरवरच्या टपरीवर बसलो तर टेप बघून टपरीवाला खालच्या आवाजात म्हणाला, "तक्रार टाकताय ना साहेब? टाका. सह्या आम्ही देतो." एकाच दिवशी, एकाच टेपवरून! तेव्हापासून टेप पिशवीत तळाशी असतो आणि गावांची नावं वहीतच राहतात.

त्या वादळाच्या गावात पुढे काय झालं तेही सांगतो. स्लॅब पडला. मिनाराला सुरुवात झाली. कुणीतरी अर्ज केला की बांधकाम वाढीव आहे. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेला, जुन्या बांधकामाचा पुरावा मागितला गेला, आणि तो मुतवल्लींकडे नव्हता. मशीद त्यांच्या आज्याच्या आज्यापासून होती, पण कागदावर नव्हती. २०२५ च्या दुरुस्तीने वक्फ कायद्यातली 'वापराने वक्फ' ही, म्हणजे कागद नसला तरी जुन्या वापरावरून जागा धर्मादाय मानायची सोय पुढच्यासाठी गेली आहे. आधी नोंद झालेल्यांना ती आहे, वाद नसेल तर. नोंद नसलेल्या खेड्यातल्या मशिदीने काय करायचं? "जुने खांब असते तरी दाखवले असते," मुतवल्ली म्हणाले. खांब पनवेलच्या एका व्यापाऱ्याला विकले होते, रिसॉर्टसाठी. मग मला म्हणाले, "तुमच्याकडे फोटो आहेत ना?" होते. २००४ चे, रोलवाले, अकरा. त्यांच्या प्रती मी दिल्या. पुराव्यासाठी त्या पुरतील का, ते वकील सांगेल.

जाताना मी विचारलं, शुक्रवारी किती जण असतात? ते म्हणाले, "मोजावं लागतं आता. चाळीस भरायला कधीकधी शेजारच्या वाडीवरून दोघं-तिघं बोलवतो. पोरं सगळी दोहाला." ज्या मिनारावरून गाव दुभंगायला निघालं आहे त्या मशिदीत जुम्म्याला चाळीस माणसं जमवताना नाकी नऊ येतात, आणि पलीकडच्या देवळात पालखीला खांदेकरी मुंबईहून बोलवावे लागतात.

कोकणी मुसलमानांतलीच काही घराणी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाऊनला गेली. डच कंपनीच्या काळात तिथे उघड नमाजाला बंदी होती. १८०४ साली धर्मस्वातंत्र्याचा हुकूम निघाला. त्यानंतर तिथे मशिदी उभ्या राहिल्या आणि त्यांतली लूप स्ट्रीटवरची कुव्वतुल इस्लाम आपल्या कोकण्यांच्या नावाने ओळखली जाते. मला एकदा तिथे जायचं आहे. हौद आहे का बघायला.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात जुनी कौलारू मशीद, देऊळ, दर्गा, सिनेगॉग काहीही असेल आणि ते उतरवायचं ठरलं असेल, तर कौलं काढायच्या आधी फोटो काढा. चौकटीवरची अक्षरं, तुळईवर सुताराने कोरलेलं नाव, हौदाची लांबी-रुंदी, कौलावरचा ठसा, सगळ्याचा. फोटोवर तारीख घाला, मागे गावाचं नाव लिहा आणि दोन प्रती काढा. एक देवस्थानाकडे किंवा जमातीकडे द्या, एक स्वतःकडे ठेवा.